काकांच्या वाट्याचं गुपित

मावशी समुपदेशक. लोकांनी विश्वासाने सांगितलेलं सारं तिच्या लॅपटॉपमध्ये होतं. तो चोरीला गेला तर, या धास्तीने तिने मला, भाचीला, बोलावलं. अख्खी डिस्क कुलूपबंद करणारी दोन सॉफ्टवेअर मी दाखवली.

"पासवर्ड विसरलीस तर या पहिल्याचे कंपनीवाले उघडून देतात."

"म्हणजे त्यांना उघडता येतं. नको बाई. दुसरं टाक."

दुसऱ्याने एक लांबलचक आकडा दिला. पासवर्ड विसरला तर तेवढाच आधार. तो छापून लॅपटॉपपासून लांब ठेवायचा. मावशीने कागद काकांच्या हातात दिला.

"एवढ्या संसारात हिने मला पहिल्यांदा गुपित सांगितलं!" काका हरखले.

"आधी चालतंय का बघू," म्हणत मी लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. काकांनी चष्मा लावून, बातम्या द्याव्यात तसा आकडा वाचला. मावशीने टाइप केला. डिस्क उघडली! मावशीने मला मिठीच मारली.

काका हळूच पुढे वाकले. "बघू तरी, लोक काय काय..."

मावशीने झाकण मिटलं. "तुमचं काम झालं. कागद ठेवून या."

काका कपाटाकडे निघाले, तेही शीळ घालत.