मिठाच्या बरणीचा जळफळाट

मी एक जुनी मिठाची बरणी आहे. अंगाने गोलमटोल, रंगाने पांढरी, आणि गळ्याभोवती एक निळी रेघ. ही रेघ ओढताना कारागिराचा हात हलला आणि ती एका जागी तुटली. म्हणून भट्टीतून निघाल्यावर मला कमी दर्जाच्या मालात टाकलं. पण मित्रांनो, ज्या घरात मी गेले, तिथे माझ्यावाचून पान हलत नव्हतं.

ते घर एका शिंप्याचं. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. बाहेरच्या खोलीत त्यांचं शिलाई मशीन आणि आत स्वयंपाकघर. तिथे ओट्यावर, शेगडीच्या उजव्या बाजूला माझी जागा. मास्तरांना सगळं चांगलं खारट हवं असायचं. जेवायला बसले की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "जरा बरणी सरकव गं." साखरेचा डबा आणि तिखटाचा डबा माझ्यामागे उभे असायचे. मी भाव खायचे. का खाऊ नये?

मग मास्तरांचे पाय सुजू लागले. संध्याकाळी मशीनवरून उठले की पाऊल चपलेत शिरेना. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब तपासला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मीठ कमी करा, मास्तर. असंच चाललं तर मशीन बंद करावं लागेल," त्या म्हणाल्या. मास्तरांचा चेहरा पडला. मशीन म्हणजे त्यांचा जीव.

त्याच दिवशी माझी रवानगी वरच्या फळीवर झाली. तेवढं मी सोसलं असतं. पण माझ्या जागेवर कोण येऊन बसलं, ठाऊक आहे? सोया सॉसची बाटली! काळीकुट्ट, उंच, मानेला लाल टोपण.

सूनबाई हौशी. तिने मोबाइलवर पूर्वेकडच्या देशांतला एक पौष्टिक नाश्ता पाहिला. कोबी, गाजर आणि भोपळी मिरची ती दोऱ्यासारखी बारीक चिरायची. मोठ्या आचेवर आलं-लसूण परतून भाज्या टाकायची. त्या अर्धवट कच्च्या असतानाच फेटलेली अंडी ओतायची, वर कांद्याची पात घालायची, आणि शेवटी त्या काळ्या बाटलीची धार. चुर्र असा आवाज व्हायचा आणि वास घरभर पसरायचा.

"बाबा, कणभरही मीठ नाही बरं का यात!" ती सांगायची.

"काय सांगतेस! मीठ नाही आणि एवढी चव?" मास्तर बोटं चाटत म्हणायचे. "मी उगाच जन्मभर त्या बरणीच्या नादी लागलो."

त्या बरणीच्या! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं माझं खाल्लं आणि माणूस खाल्ल्या मिठाला जागला नाही. रोज सकाळी ती बाटली ओट्यावर मिरवायची. शेजारीण आली तरी तिचंच कौतुक. धार घालताना तिचं टोपण खाली पडलं की मला बरं वाटायचं. एकदा ती कलंडली, तेव्हा मी मनात म्हटलं, फूट! पण ती फुटली नाही.

मास्तरांची सूज मात्र उतरेना. उलट वाढली. आता सकाळीसुद्धा चप्पल घट्ट व्हायला लागली. मशीन मधेच थांबायचं आणि मास्तर पाय चोळत बसायचे.

सासूबाईंचा संशय माझ्यावरच! "अहो, खरं सांगा, तुम्ही चोरून मीठ खाता ना?"

"तुझी शपथ, नाही गं!"

त्यांना ते पटलं नाही. त्यांनी माझ्या झाकणावर फडकं बांधून सुतळीची गाठ मारली. स्वयंपाकापुरती चिमूट काढायची आणि गाठ पुन्हा आवळायची. करून सवरून ती बाटली मोकळी, आणि दोर माझ्या गळ्यात.

सासूबाई अंडं खात नाहीत, त्यामुळे तो नाश्ता त्यांनी कधी चाखला नव्हता. एके सकाळी बाटलीच्या गळ्यावरून ओघळ आला होता. तो पुसताना त्यांचं बोट माखलं आणि सहज जिभेला लागलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"अगं, इकडे ये आधी! हे तर नुसतं मीठ आहे!"

"आई, मी मीठ घालतच नाही."

"तू नाही घालत. ही घालते!"

सूनबाईने चमचाभर सॉस नुसता चाखला. तिचे डोळे भरून आले. "मीच बाबांना…" एवढंच ती बोलली. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मला तिची दया आली नाही. मला नाचावंसं वाटत होतं. आता मला सन्मानाने खाली घेतील, असं वाटलं. सासूबाईंनी हात वर केला आणि त्या बाटलीला माझ्या शेजारी आणून ठेवलं. मी तिच्याशी अजून बोललेले नाही.

नाश्ता तोच राहिला, पण सॉसचे दोनच थेंब. त्याऐवजी आलं जास्त, मिरपूड आणि लिंबू. पहिले काही दिवस मास्तरांनी तोंड वेडंवाकडं केलं. सूनबाई मुकाट्याने तेच त्यांच्याबरोबर खायची. मग एकदा ते म्हणाले, "लिंबाने मजा आणली." लिंबाने! जे आज आलं आणि उद्या सुकून जाईल, त्याने! मी पुन्हा जळले.

परवा घरात दोघीही नव्हत्या. मास्तर ताटली घेऊन आत आले, स्टूल ओढलं आणि वर चढले. त्यांनी मला दोन्ही हातांत घेतलं. "चिमूटभरच," ते हळूच म्हणाले. बाटलीला नाही, लिंबाला नाही, मला म्हणाले! याच एका शब्दासाठी मी इतके दिवस तडफडत होते. तेवढ्यात मला त्यांची पावलं दिसली. सूज पुष्कळ उतरली होती, घोट्याचं हाड पुन्हा दिसू लागलं होतं. आणि मला वाटलं, नको हो मास्तर, नका सोडू ती गाठ.

शिंप्याला गाठ सोडणं काय अवघड? त्यांची बोटं सुतळीशी चाळा करत राहिली. मग त्यांनी मला परत फळीवर ठेवलं, उभ्याउभ्याच नाश्ता संपवला आणि बाहेर गेले. थोड्याच वेळात मशीन सुरू झालं.

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात की आम्हाला विसरू नका, आम्हाला जवळ ठेवा. माझं मागणं उलटं आहे. ज्या माणसावर तुमचा जीव आहे, त्याच्या ताटापासून मला जरा लांब ठेवा. मी रुसेन, फुगून बसेन, लिंबाकडे बघून जळेन. मला जळू द्या.