विडराउचा उलटा मेंढा

विडराउच्या नगरचिन्हावरचा मेंढा उजवीकडे तोंड करून उभा आहे. जर्मनीभरचे सिंह, अस्वलं शहाण्यासारखी डावीकडे बघतात. नगरचिन्हात उलटा फिरला तो पळपुटा, असा रिवाज. शेजारच्या एलेनरोडची माणसं तर दोन बिअर पोटात गेल्या की विडराउच्या नावानं "बें बें" करायची.

त्यांची तोंडं बंद केली रोझविथाबाईंनी. इतिहासाच्या या निवृत्त शिक्षिकेनं वर्षानुवर्षं ठासून सांगितलं, "तीस वर्षांच्या युद्धात स्वीडिश फौज आली, कळप पळाला, एकटा मेंढा मागे वळून शत्रूला भिडला!" या शौर्याबद्दल उद्याच्या जत्रेत बाईंना मानद नागरिकत्वाचं पदक मिळणार होतं. मेंढ्याला नाही, तो केव्हाच शिजला असणार.

जत्रेसाठी नगरभवनाचं तळघर झाडताना गावाचा मूळ पितळी शिक्का सापडला. बाईंनी हौसेनं तो जत्रेच्या मार्झिपानच्या, म्हणजे बदामाच्या मिठाईच्या, गोळ्यावर दाबला. उचलला, तर ठशातला मेंढा डावीकडे बघत होता! बाईंना उलगडा झाला: ठसा सुलट यावा म्हणून शिक्क्यावर चित्र उलटंच कोरतात. पाथरवटानं ठसा न घेता शिक्काच बघून वेशीवर मेंढा कोरला होता, आणि गावानं तोच नगरचिन्हात उचलला. शौर्य कसलं, निव्वळ धांदरटपणा.

"क्नोपसाहेब, मी आयुष्यभर थापा मारल्या हो!" बाई नगराध्यक्षांना म्हणाल्या.

क्नोपसाहेबांनी ठसा उचलून तोंडात टाकला. "बाई, आता गटारांच्या झाकणांवरचे मेंढेसुद्धा वळवत बसू का? गप्प पदक घ्या. बदाम मात्र ताजे आहेत हं."

बाईंना रात्रभर लाज वाटत राहिली. पदक गेलं तरी चालेल, पण एकदा तरी गावाला खरं सांगायचं, असं त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मंचावर त्यांनी सगळं सांगितलं, ठसा उमटवून दाखवला. क्नोपसाहेबांच्या कपाळावर घाम आला.

तेवढ्यात बेकरीवाला लुट्स ओरडला, "म्हणजे मेंढा आधी डावीकडेच होता! स्वीडिश आले तेव्हा वळला! अहो, पुरावाच मिळाला की!"

एकच जल्लोष झाला. बँड सुरू झाला.

"अरे गाढवांनो, पाथरवट चुकला!" बाई ओरडल्या. ते फक्त क्नोपसाहेबांना ऐकू आलं. त्यांनी हसत हसत बाईंच्या गळ्यात पदक घातलं.

बाईंना रडू कोसळलं. लोक म्हणाले, किती साधी बाई, आनंद मावत नाही बिचारीला.