थोरल्या दिराचं नाव

गोदूबाईने मोडलेला उजवा हात पदराखाली घेतला आणि डाव्या हाताने ठाण्याच्या मॅजिस्ट्रेट कचेरीतला कठडा धरला. शेजारीण हौसाबाईला सोबत घेऊन ती कळव्याहून होडीने खाडी ओलांडून आली होती. नवरा वारल्यावर त्याच्या वाटणीचं भाताचं खाचर सोडायला ती तयार होईना, म्हणून थोरल्या दिराने काठीने तिचा हात मोडला होता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय!

दीर बाहेर ओसरीवर खुशाल पान चघळत बसला होता. त्याला कसली काळजी? नवऱ्याचं आणि थोरल्या दिराचं नाव बाईने तोंडाने घ्यायचं नाही, ही जन्माची शिकवण. आणि नावाशिवाय समन्स निघत नाही, हे त्याला कोणीतरी सांगितलं होतं.

"नवऱ्याचं नाव?" कारकून हरिहरपंतांनी विचारलं.

"उत्तम म्हात्रे," हौसाबाईने रीतीप्रमाणे सांगून टाकलं.

"मारलं कोणी?"

हौसाबाईने पुन्हा तोंड उघडलं, तसा मॅजिस्ट्रेटसाहेबांनी हात वर केला.

"फिर्याद हिची आहे, शपथही हिनेच घेतली आहे. हिलाच सांगू दे."

"मोठ्या दिरानी," गोदूबाई म्हणाली.

"नाव सांगा, बाई," हरिहरपंत म्हणाले. "नाव नसेल तर फिर्याद चालायची नाही."

बाहेर कोणीतरी हसलं. रागाने गोदूबाई पेटली होती, पण भीती रागापेक्षा जुनी होती.

"नको गं," हौसाबाई कुजबुजली. "जीभ झडंल."

"हात मोडला तवा कोनाचं काय झडलं?"

तिने पदर सावरला आणि दाराकडे तोंड केलं.

"गणू," ती म्हणाली. मग ओसरीवर ऐकू जाईल अशा आवाजात, "गणू दगडू म्हात्रे. त्यानंच माजा हात मोडला."

बाहेरचं हसू थांबलं. हौसाबाईने तोंडाला पदर लावला. हरिहरपंतांनी नाव लिहून घेतलं आणि बाईची भीड चेपलेली पाहून ते जरा खुशीत आले.

"शाबास! आता नवऱ्याचंही तुमच्याच तोंडून येऊ द्या, म्हणजे झालं."

गोदूबाईने मान खाली घातली.

"त्यांचं नाव मी घेवाची नाय," ती म्हणाली. "त्यांनी माज्यावर कदी हात नाय उगारला."