बॅटरी थंडी ठेवा

नाकात नळी घातलेली बाई भांडू शकत नाही असं ज्याले वाटते, त्यानं एकदा राजापेठेत आमच्या घरी यावं. मी प्रियदर्शनी. सारी जिंदगी झेडपीच्या शाळेत पोट्ट्यायवर ओरडण्यात गेली, अन् आता माहे फुप्फुसं सुकून राहिले. डॉक्टर म्हनते, जेवढं सुकलं तेवढं काही परत येत नाही. खाटेजवळ ऑक्सिजनची मशीन, मशीनची वायर भितीतल्या बोर्डात, अन् नळी पुरते तेवढं माहं जग. संडासापर्यंत पुरते, फाटकापर्यंत पुरत नाही.

अन् माही माय, रुख्मिणी, तिकडे मेळघाटात, सेमाडोहच्याही पुढं. माहा बाप तिथं फॉरेस्ट गार्ड होता. बाप गेला, मंग भाऊ गेला, तरी बुढी तिथंच राह्यली, सुनेजवळ. सून म्हंजे माही वहिनी, लीलाबाई. बुढीचा खुबा मोडलेला, डोळ्यानं दिसत नाही, उठवून बसवलं तरी कोकलते. तिले इकडं आनता येत नाही. अन् मले तिकडं जाता येत नाही, काहून का तिथं लाइन गेली का दोन दोन दिवस येतच नाही. लाइन नाही तं मशीन नाही, अन् मशीन नाही तं मी नाही. सिलिंडर न्यावं म्हनलं तं भरून भेटते परतवाड्यालेच. लीलाबाई अधूनमधून टेकडीवर चढून, रेंज भेटली का फोन करे. बुढीचा निरोप ठरलेला: "कवा येतं वं?"

मले दुसरं काहीच नको होतं. मायच्या खाटेले खाट लावून आठ दिवस निजाचं होतं. ती जाच्या आत का मी जाच्या आत, जे पहिले होईन.

आमचा मानूस, देवमन, कूलर बनवनारा. चाळीस उन्हाळे यायनं दुसरं काही केलं नाही. राजापेठेतल्या कितीतरी घरात यायच्या हातचा कूलर घरघरून राहिला. मानूस सोन्यासारखा, पन कोनाचं ऐकाचं म्हनलं तं कानात बोळे. एक दिवस शाळेची जुनी पिवळी व्हॅन घेऊन आले. सीटा काढल्या, माह्यासाठी आत खाट ठोकली, टपावर सोलरच्या पाट्या बसवल्या. म्हने, "तुह्या मशीनले भितीची गरजच ठेवत नाही मी. तुह्या मायच्या दारात गाडी लावतो, रात्रंदिवस चालन." मी रडली त्या दिवशी. खोटं काहून सांगू, आनंदानं रडली.

पन बॅटरी! बापा, त्या बॅटरीनं आमाले खाल्लं. इन्व्हर्टरच्या साध्या बॅटऱ्या पाहल्या, तं लागत होत्या तेवढ्या टाकल्या असत्या तं व्हॅन घाट चढली नसती. मंग लिथियमचं खूळ डोक्यात शिरलं. अकोल्याले मुजम्मिल म्हनून एक पोरगा ई-रिक्षाच्या लिथियम बॅटऱ्या जोडते, त्याच्याकडे चकरा सुरू झाल्या. घरी आले का माह्या खाटेवर बसून समजावून सांगाचं, अन् दुसऱ्या दिवशी मन बदलाचं. हिवाळा असाच गेला.

"मले पाहाले एकदाच आले होते तुमी," मी म्हनलं. "अन् बॅटरी पाहाले सतरा चकरा! मी मेल्यावर माह्या फोटोले लावसान का ते?"

"चुकली तं तुह्या जिवाशी खेळ आहे," हे म्हनले.

शेवटी एका चकरेले, हे तिथं असतानाच, मुजम्मिलनं मले व्हिडिओ कॉल लावला. दोन बॅटऱ्या पुढं ठेवल्या अन् म्हने, "चाची, ही पाहा. हलकी आहे, ताकद भरपूर, पन मिजाज गरम. भडकली तं इझत नाही. ऑक्सिजनजवळ मी ही देनारच नाही. ही दुसरी, लिथियम फॉस्फेट. वजनदार आहे, पन एकदम शांत."

"म्हंजे एक माह्यासारखी, एक यायच्यासारखी," मी म्हनलं.

पोरगा खो खो हसला. "हिच्या आत एक सर्किट असते चाची, आमी त्याले मास्तर म्हनतो. काही गडबड दिसली का मास्तर शाळा सोडून देते, बॅटरी बंद. मंग कोनी कितीही ओरडा." अन् यायच्याकडे वळून म्हने, "चाचा, बस एक ध्यान ठेवा. मई का महिना है. बॅटरी थंडी ठेवा."

बॅटरी थंडी ठेवा. हे दुनियेत कोनालेही सांगा, तो गाडी सावलीत लावन, दोन खिडक्या उघड्या ठेवन. पन ज्यानं चाळीस उन्हाळे कूलर बनवले त्याले 'थंडी' म्हनलं का एकच गोष्ट सुचते, अन् ते म्हंजे पानी. हे मले तवा समजलं नाही. समजलं असतं तं मी व्हॅनच्या खाली आडवी पडली असती.

नवतपा, म्हंजे मे सरताना आग ओकनारे ते नऊ दिवस, लागाच्या आत जाऊन येऊ म्हनून आमी निघालो. लीलाबाईले निरोप गेला होता. अडीअडचनीले म्हनून एक छोटं सिलिंडर सोबत घेतलं. मशीन खाटेजवळ घरघरत होती, भितीशिवाय! परतवाड्याच्या अलीकडे संत्र्याच्या बागा दिसल्या अन् मी काचेले नाक लावून लहान पोट्टीसारखी पाहत बसली. हे आरशातून मले पाहून पाहून हसत होते. यायले मी एवढं खुश कधी पाहलं नव्हतं. अधूनमधून म्हनत, "तुले एक गंमत दाखवतो, पोचल्यावर."

घाट लागला. चौथ्या का पाचव्या वळनावर मशीननं लांब शिटी मारली अन् बंद पडली.

यायनं गाडी थांबवली, सिलिंडरची नळी माह्या नाकाले लावली अन् खाटेखालचा पडदा सारला. बॅटरीभोवती लाकडाची सुरेख पेटी. दोन्ही बाजूनं खसच्या, म्हंजे वाळ्याच्या, ताट्या, वर बारका पंप, खाली पान्याची टाकी. घाटाच्या वळनावर टाकीतलं पानी हिंदकळून बॅटरीच्या डोक्यावर गेलं होतं. सारं चिंब. मास्तरनं शाळा सोडली होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"कूलर," हे म्हनले. तोंड लहान पोरासारखं झालं होतं. "बॅटरीसाठी. थंडी राहावी म्हनून."

काय बोलली ते सांगत नाही, शाळेतल्या बाईले शोभनारं नव्हतं. यायनं पुसलं, हलवलं, उन्हात धरलं. काही नाही. सिलिंडर पुरनार होतं एकतं मायच्या दारापर्यंत, नाहीतं माघारी परतवाड्याच्या दवाखान्यापर्यंत. दोन्ही नाही.

"पुढं घ्या," मी म्हनलं.

"मंग तिथं?"

"तिथं जे होईन ते होईन. मायजवळ होईन."

यायनं माह्याकडे पाहलं अन् गाडी माघारी वळवली. मागून मी पाठीवर बुक्क्या मारत राह्यली. मले एवढा राग जन्मात आला नाही, अन् एवढी कीवही आली नाही. मारू मारू दम संपला, तवा थांबली. पाठीनं एक बुक्की चुकवली नाही.

दवाखान्यातून मले घरी आनल्यावर मुजम्मिल आला, तवा त्यानं पेटी पाहली. किती तरी वेळ ताटीवर हात फिरवत राह्यला. "चाचा," हळूच म्हने, "थंडी म्हंजे सावलीत." यायनं मान हलवली. पोरानं नवीन मास्तर बसवला अन् बॅटरी पहिल्यासारखी झाली. पन घाटातल्या त्या दिवसानं माहं जे जाचं ते गेलं. डॉक्टरनं ऑक्सिजन वाढवला अन् प्रवासाचं नाव काढू नका म्हनलं. बॅटरी आता माह्या खाटेखाली आहे. गल्लीतली लाइन गेली तरी माही मशीन थांबत नाही.

नवतप्यातच लीलाबाईचा फोन आला. यायनं फोन माह्या तोंडासमोर धरला, आवाज मोठा केला.

"ताई, बुढी गेली," लीलाबाई म्हने. "तुमी येनार होत्या त्या दिवशी मी तिची खाट आंगनात काढली होती. दिवे लागेपर्यंत आत नेऊ देईना. मंग रोज तेच, आली का, आली का. काल मले नाही पाहवलं. रांजन भरून तशीच ओल्या हातानं जवळ बसली, तिचा हात हातात घेतला अन् म्हनलं, माय, आली मी."

"मंग?" मी म्हनलं.

"हात चाचपला माहा. म्हने, 'एवढ्या उन्हातून आली, अन् हात थंडा कसा वं तुहा?'"

माह्या बाजूले यायचा फोन धरलेला हात खाली आला. मी तो धरून पुन्हा वर केला.

"अन् मंग तिनं माहा हात सोडून देल्ला, ताई," लीलाबाई म्हने. "त्याच्यानंतर पुन्हा विचारलंच नाही."