नको म्हणायची रीत

रोमँटिक साहित्याचे अभ्यासक म्हटलं की लोकांना वाटतं, चांदण्यात हातात हात घालून फिरणारी माणसं असतील. छे हो! वर्षातून एकदा हॉटेलच्या हॉलमध्ये ह्यांच्या मंडळाचं पुरस्कारांचं जेवण असतं, तिथे येऊन बघा. अर्धे आपापल्या गुडघ्यांबद्दल बोलत असतात, उरलेले एकमेकांच्या तळटीपांतल्या चुका काढत असतात. आणि ज्या कवींवर लिहिता लिहिता हे सगळे म्हातारे झाले, ते कवी बिचारे ऐन तिशीत गेलेले.

आमचे हे त्यातलेच. ह्या वर्षीची चांदीची दौत ह्यांना, असं अध्यक्षांनी आधीच कानात सांगून ठेवलं होतं. दौत म्हणजे मंडळातला सगळ्यात मोठा मान. वयाच्या नियमामुळे ह्यांची ही शेवटचीच संधी, त्यामुळे घरात नुसती लगीनघाई. कोट इस्त्रीला जाऊन आला. शोकेसमधल्या माझ्या बशांची उचलबांगडी झाली.

पण मंडळाची एक रीत आहे. नाव पुकारलं की मानकऱ्याने आधी नको म्हणायचं. "मी कसला लायक, माझ्यापेक्षा अमुक थोर," असं दुसऱ्या कुणाचं नाव घेऊन बोलायचं. मग अध्यक्ष आग्रह करतात, लोक टाळ्या वाजवतात आणि हा लाजत लाजत दौत घेतो. तिच्यावर नाव कोरायचं ते दुसऱ्या दिवशी.

ह्यांनी नाव घ्यायचं ठरवलं सवतीचं. घाबरू नका, सवत म्हणजे ह्यांच्याच विषयातली एक प्राध्यापिका. एका कवितेच्या अर्थावरून दोघांचं सगळी हयात वाजत आलंय. हे उठता-बसता तिच्या नावाने खडे फोडतात, म्हणून घरात मी तिला सवत म्हणते. तालमीत हे म्हणत होते, "सदर विदुषींचे योगदान उल्लेखनीय आहे." मी शाळेत जन्मभर गणित शिकवलेली बाई, पण मलासुद्धा जांभई आली. म्हटलं, "अहो, विजेचं बिल वाचताय का? नको म्हणायचं तर जरा जीव ओतून म्हणा!"

कर्म माझं! ओतला ना जीव.

सूप संपल्यावर नाव पुकारलं. हे उठले. भाषणाचा कागद खिशातच राहिला. पहिली दोन वाक्यं रीतीप्रमाणे झाली, सवतीचं नावही घेऊन झालं. मग म्हणाले, "माझ्या प्रत्येक पुस्तकाचं पहिलं प्रकरण ह्यांचं म्हणणं खोडण्यात गेलंय. पण ह्यांनी मला चिडवलं नसतं, तर दुसरं प्रकरण मी लिहिलंच नसतं. कविता नीट वाचायला मला कुणी शिकवलं असेल, तर ह्यांनी. मी हे कुठे छापलं नाही. छापायला हवं होतं." वेटरसुद्धा ट्रे घेऊन थबकला. "दौत त्यांचीच आहे," म्हणून हे खाली बसले.

आता अध्यक्षांनी आग्रह करायचा. पण अध्यक्ष नाक पुसत होते! टाळ्यांचा हा कडकडाट झाला, लोक उभे राहिले, कुणीतरी सवतीला हाताला धरून पुढे नेलं आणि त्या भरात अध्यक्षांनी दौत तिच्या हातात ठेवून दिली. तिला तर नको म्हणायचंही सुचलं नाही. मी कपाळावर हात मारून घेतला.

जरा वेळाने अध्यक्ष भानावर आले आणि आमच्या टेबलाशी येऊन वाकले. "सर, घोटाळा झाला हो. ते तुम्ही रीत म्हणूनच बोललात ना? तेवढं सांगा, मी आत्ता जाहीर करतो. नाव कुठे कोरलंय अजून!"

त्यांच्या मागेच सवत उभी होती, दौत दोन्ही हातांत धरून. तिने सगळं ऐकलं होतं.

"खरं काय ते सांगा," ती ह्यांना म्हणाली. "रीत असेल तर मी रागावणार नाही."

मी टेबलाखालून ह्यांच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात. सांगा ना, रीत होती म्हणून सांगा एकदाचं! ह्यांनी दौतीकडे पाहिलं. इतकं हावरं तोंड मी ह्यांचं कधी पाहिलं नव्हतं.

"उठलो होतो रीत म्हणूनच," हे म्हणाले. "बोलता बोलता खरं निघालं. आता मागे कसं घेऊ?"

अध्यक्ष आल्या पावली आपल्या टेबलाकडे वळले. सवतीच्या डोळ्यांना धार लागली आणि पुसायला हात मोकळा नाही. शेवटी मीच उठून माझ्या रुमालाने तिचे डोळे पुसले. करते काय!

ती गेल्यावर हे पुडिंगमध्ये नुसता चमचा फिरवत बसले. ह्यांची खरडपट्टी काढायला मी तोंड उघडलंच होतं.

"मला हवी होती गं ती दौत," हे हळूच म्हणाले. "फार हवी होती."

"माहितीये मला," मी म्हटलं, आणि मग माझं मलाच रडू आवरेना.