पेटीचा हुंकार

प्रार्थनाघरातली पेटी देवाचं उत्तर सांगते, याबद्दल त्या वस्तीत कुणाचं दुमत नव्हतं. बाकी सगळ्यावर होतं. सतरंज्या कुणी झटकायच्या, चपला कुठे काढायच्या, खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावर तिथे माणसं वर्षानुवर्षं एकमेकांशी अबोला धरून होती. पण पेटीचा विषय निघाला की सगळ्यांचे हात आपोआप जोडले जायचे.

दर रविवारी सकाळी बुवा गाऊन प्रवचन करायचे आणि टेलरमास्तर त्यांच्या डाव्या अंगाला बसून पेटीची साथ करायचे. आठवडाभर मास्तरांचा पाय शिलाई मशीनवर आणि रविवारी हात भात्यावर. प्रवचन संपत आलं की लोकांच्या चिठ्ठ्या बुवांकडे जायच्या. बुवा एकेक चिठ्ठी वाचायचे, मग एक ओळ तीनदा आळवायचे. तिसऱ्या वेळी पेटीची पट्टी न दाबता आतून एक जाड, घोगरा सूर उमटला, म्हणजे देवाने हुंकार भरला. उत्तर होय. नाही उमटला, तर नाही. एवढा सोपा कारभार कुठल्या सरकारालाही जमला नसेल.

निवृत्त हेडमास्तर मंडळाचे अध्यक्ष झाले ते हुंकाराने, तेही सलग तीनदा. बेकरीवाल्याचं लग्न झालं ते हुंकाराने. प्रार्थनाघराच्या भिंतींना निळा रंग लागला तोही हुंकाराने. तो रंग एकालाही आवडला नव्हता, पण एकवीस वर्षांत कुणी हूं की चूं केलं नाही.

आणि टेलरमास्तरांना काय वाटायचं? खरं सांगायचं तर मास्तर त्या प्रश्नाच्या गल्लीतून कधी गेलेच नाहीत. भाता जोरात चालला की हुंकार येतो, हळू चालला की येत नाही, हे त्यांच्या हाताला माहीत होतं. पण हाताने ही गोष्ट डोक्याला कधी कळवली नव्हती. माणूस भाविक होता. ओळ मनाला भिडली की हात जोरात चालायचा, आणि हात चालवणारा देवच, असं म्हणून ते मोकळे व्हायचे.

फक्त एकदा हाताने डोक्याला विचारून काम केलं होतं. मास्तरांची बायको कधीच गेलेली, घरात एकुलती एक मुलगी. तिने चिठ्ठी टाकली होती, काटेवाल्याशी लग्न करू का. हा काटेवाला दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करायचा. मुलगा सरळ, पण मंडळातला नव्हता, म्हणून अध्यक्षांच्या कपाळावर आठ्या. मुलगी दुसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलेली. बुवांनी तिसऱ्यांदा ओळ घेतली आणि मास्तरांनी असा काही भाता हाणला, की हुंकाराने खिडकीची तावदानं थरथरली. अध्यक्षांच्या आठ्या जागच्या जागी विरघळल्या. लग्न झालं.

लग्नानंतर तीन महिन्यांनी जावई पहिल्यांदा प्रवचनाला आला. सगळं नीट ऐकलं. बाहेरच्या पडवीत चहा सुरू झाल्यावर बेकरीवाल्याने त्याच्या पाठीवर थाप मारली.

"काय जावईबापू, ऐकलात ना हुंकार?"

"ऐकला की," जावई म्हणाला. "डावीकडून चौथी पट्टी. तिच्या खालची झडप नीट बसत नाहीये. स्प्रिंग थकली. हळू भाता मारला तर गप्प बसते, जोर केला की हवा झडप उचलते आणि सूर वाजतो. आमच्या काट्यांच्या स्प्रिंगाही अशाच थकतात." मग त्याने खिशातून पेचकस काढला. "बाबांनी मला सांगितलं असतं तर मी केव्हाच करून दिलं असतं."

वाईट वाटतं ते इथेच. त्याने हे कुचेष्टेने म्हटलं असतं तर लोकांनी दोन शिव्या घालून सोडून दिलं असतं. पण तो मनापासून मदत करायला निघाला होता.

अध्यक्षांनी कपबशी खाली ठेवली.

"आमच्या भावना दुखावल्यात तुम्ही," अध्यक्ष म्हणाले.

"अरेरे. कशा काय?" जावयाने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

"म्हणजे माझं लग्न झडपेने लावलं म्हणता?" बेकरीवाल्याचा आवाज चढला.

"मला तेव्हाच शंका आली होती," त्याची बायको चहा ओतता ओतता म्हणाली.

मग जो तो बोलू लागला. एकजण म्हणाला, मी हुंकारावर विसंबून दुकान हलवलं, म्हणजे मी मूर्ख? दुसरा म्हणाला, मी भावाशी संबंध तोडले, आता काय त्याचे पाय धरू? पडवीत वीस-पंचवीस माणसं दुखावली होती, सगळी देवाच्या नावाने दुखावली होती, आणि देवाविषयी त्यातला एकही बोलत नव्हता. देव बिचारा आत निळ्या भिंतींमध्ये एकटाच बसला होता. त्याला काही लागलं होतं की नाही, हे बघायलाही कुणी गेलं नाही.

सगळ्यांत जास्त संतापले ते मास्तर. मुलगी-जावयाला घेऊन घरी पोचेपर्यंत त्यांनी दम धरला आणि दार लावताच फुटले.

"तुम्ही माझ्या देवाला स्प्रिंग म्हणालात, जावईबापू."

"देवाला कुठे म्हणालो, बाबा? स्प्रिंगला स्प्रिंग म्हणालो."

"एकवीस वर्षं साथ करतोय मी. काल आलेल्या माणसाने मला शिकवायचं?"

मुलगी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. "बाबा, एक विचारू? उद्या कुणी म्हणालं, की या मास्तराला साधी बाहीसुद्धा बसवता येत नाही, तर तुम्ही काय कराल?"

"हसेन. दुसरं काय करणार?"

"का?"

"का म्हणजे? येते मला बसवता."

"मग आज हसू का नाही आलं?"

मास्तर पाणी प्यायले. तांब्या रिकामा झाला तरी तो त्यांनी बराच वेळ तोंडाला लावून ठेवला, कारण खाली ठेवला असता तर उत्तर द्यावं लागलं असतं.

बुधवारी अध्यक्ष दुकानात आले. कोटाचं माप द्यायचं म्हणाले. मास्तरांनी टेप गळ्यातून काढली आणि छाती मोजू लागले.

"रविवारी चिठ्ठी येतेय," अध्यक्ष हात वर करून उभे राहिले होते. "काटेवाल्याला मंडळाबाहेर काढावं का, अशी."

"पण सर, तो मंडळात आहे कुठे?"

"लग्नाने आलाच ना. आणि नियम तुम्हाला ठाऊक आहे. बाहेर काढलेल्याला मंडळातल्या कुणी घरात घ्यायचं नाही, त्याच्या घरी जायचं नाही. त्याच्या बायकामुलांनाही तोच नियम."

टेप मास्तरांच्या हातात सैल झाली. मुलगी गावात असून परकी होणार होती. तिने दारात येऊन हाक मारली तरी ओ द्यायची नाही.

"आपण कोण ठरवणारे?" अध्यक्ष म्हणाले. "देव ठरवेल. तुम्ही फक्त साथ जरा मन लावून करा."

"मन लावून म्हणजे कशी, सर?"

"मुलीच्या लग्नाच्या वेळी केली होतीत, तशी."

मास्तरांनी वर पाहिलं. अध्यक्ष आरशात स्वतःचे खांदे न्याहाळत होते. या माणसाला सगळं माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. तरीही रविवारी पडवीत त्याचा आवाज कापत होता आणि डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पाणीही खोटं नव्हतं. मास्तरांना याचीच भीती वाटली, कारण आपलीही तऱ्हा तीच आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

रविवारी प्रार्थनाघर खच्चून भरलं. एरवी प्रवचनाला डुलकी काढणारे पहिल्या रांगेत ताठ बसले होते. मुलगी आणि जावई दुसऱ्या रांगेत. बुवांनी चिठ्ठी वाचली. आवाज जरा पडेल होता. बुवा मवाळ माणूस, त्यांना गायला आवडायचं, न्यायनिवाडा नव्हे. त्यांनी ओळ घेतली. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी मास्तरांनी भात्याला असा हात लावला, जसा रेशमी कापडाला लावतात. ओळ संपली. पेटी गप्प.

मुलीने सोडलेला श्वास मास्तरांना पेटीपाशी ऐकू आला.

तेवढ्यात अध्यक्ष उठले. "मंडळी, आजवर पेटी गप्प राहिली म्हणजे आपण नाही समजत आलो. पण आज गोष्ट वेगळी आहे. देव इतका दुखावलाय, की बोलायलाही तयार नाही. याहून मोठा पुरावा कोणता हवा?"

आणि गंमत बघा, माना डोलल्या. एक डोलली म्हणून दुसरी, दुसरी डोलली म्हणून तिसरी. बेकरीवाला तर डोळे पुसत होता.

"थांबा सर," मास्तर म्हणाले. "बुवा, माझी एक चिठ्ठी राहिलीये. तोंडीच विचारतो. अध्यक्षांनी खुर्ची सोडावी का?"

आणि भाता हाणला. पेटीतून घोगरा सूर निघाला.

"भिंती परत पांढऱ्या कराव्यात का?"

पुन्हा सूर. मागून कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकलं.

"माझ्या जावयाला बाहेर काढावं का?" हात हळू चालला. शांतता. "आता तेच परत विचारतो. बाहेर काढावं का?" हात जोरात चालला. हुंकार.

मास्तरांनी पेटीचं वरचं झाकण काढून बाजूला ठेवलं. "देव इतक्या पटकन मत बदलत नाही. हात बदलतो. आणि हात माझा आहे, मंडळी. एकवीस वर्षं माझाच होता." मग ते दुसऱ्या रांगेकडे वळले. "पोरी, तुझ्या लग्नालाही..."

"माहीत आहे, बाबा," ती म्हणाली. "मान खाली होती तरी तुमचा खांदा दिसत होता मला."

आता कुणाला वाटेल, की एवढं डोळ्यांनी पाहिल्यावर लोक शुद्धीवर आले असतील. छे. लोक दुखावले. परक्या माणसाने म्हटलं तेव्हा नुसतं खरचटलं होतं, घरच्याने दाखवलं तेव्हा हाडापर्यंत गेलं. "पेटी शुद्धच आहे, मास्तरांचा हात बिघडला," असं अध्यक्षांनी म्हणायचा अवकाश, प्रार्थनाघरात इतकं हायसं झालं की एकदोघांनी एकमेकांना मिठी मारली. या गडबडीत जावयाची चिठ्ठी सगळे विसरले. मास्तरांना पेटीपासून दूर केलं. मागच्या सतरंजीवर बसून ऐकायला हरकत नाही, एवढी दया बुवांनी भांडून मिळवून दिली.

पेटीवर अध्यक्षांचा भाचा बसला. भाच्याचा हात जड. त्याला भाता एकाच प्रकारे मारता यायचा, जोरात. त्यामुळे आता प्रत्येक चिठ्ठीला हुंकार येऊ लागला. एकाच रविवारी मागचं दार कायमचं उघडं ठेवायलाही देवाने होकार दिला आणि कायमचं बंद करायलाही. लोक म्हणू लागले, मास्तर गेल्यापासून देव किती प्रसन्न झालाय बघा.

पेटी सुटल्यावरच्या पहिल्याच रविवारी मास्तर प्रार्थनाघरात गेले. मुलगी म्हणाली, कशाला जाता तिथे, लोक तोंड फिरवतील. ते म्हणाले, फिरवू देत, मी काही त्यांच्या तोंडांसाठी जात नाही. मग तीही गेली आणि तिच्यामागून जावईही. तिघं शेवटच्या सतरंजीवर बसले. आजूबाजूची चार माणसं सरकून बसली, त्यामुळे पाय पसरायला ऐसपैस जागा झाली.

बुवा गाऊ लागले. मास्तरांना आधी हातांचं काय करावं ते कळेना. मग त्यांनी ते मांडीवर ठेवले. बुवा दुसऱ्या कडव्यात सुरातून घसरतात, हे त्यांना आजच कळलं. इतकी वर्षं ते सावरून घ्यायच्या नादात ऐकायचं राहूनच गेलं होतं. बुवा घसरले, सावरले आणि गात राहिले. तू दिसत नाहीस म्हणून मी शोधत नाही, असं काहीतरी होतं त्या कडव्यात, तू जवळ आहेस म्हणून शोधतो. एकवीस वर्षांत निदान हजार वेळा या ओळीखाली मास्तरांनी सूर धरला होता. त्यांचे डोळे भरून आले.

"काय झालं, बाबा?" मुलीने हळूच विचारलं.

"काही नाही. बरं गातात गं बुवा."

एवढ्यात भाच्याने भाता हाणला आणि ऐन ओळीच्या मधोमध पेटी हंबरली. सगळ्या सभेने भक्तिभावाने डोळे मिटले. मास्तरांनी कपाळाला आठी घातली, कानामागे हात धरला आणि बुवांचे पुढचे शब्द ऐकू यावेत म्हणून मान लांबवून पुढे झुकले.