डावी जाळी, उजवी जाळी

दोन दिवसांसाठी म्हणून आलेला माणूस बाविसाव्या दिवशीही आपल्याच पलंगावर लोळताना पाहून कुणाला काय वाटेल? शर्टांच्या दुकानात काम करणाऱ्या आमच्या या गृहस्थांना जे वाटत होतं, ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. कारण पलंगावरचा माणूस बायकोचा सख्खा थोरला भाऊ होता. घरात एसी एकच, तो झोपायच्या खोलीत. बाहेर ऊन असं की खिडकीच्या गजाला हात लावायची सोय नाही. म्हणून दादा आत गारेगार, आणि घरचे दोघं बाहेरच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून पंख्याकडे बघत पडलेले.

बरं, बोलणार कोण? बायकोला हा एकच भाऊ. आपण काही म्हणालो आणि तिचं मन दुखावलं तर, या विचारानेच गृहस्थांच्या जिवावर येई. मग ते रोज सकाळी हसून विचारत, "झोप लागली ना दादा?" आणि दादा म्हणत, "लागली. पण भावोजी, एसी जरा मोठा घ्यायला हवा होता तुम्ही." एवढं बोलून दादा आंघोळीला जात ते तासाभराने बाहेर येत.

शेवटी एका रविवारी, दादा आंघोळीला गेलेले असताना, गृहस्थ स्टुलावर चढले. एसीचं झाकण उघडलं की आत दोन जाळ्या असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. हवा त्यातूनच आत जाते. ती अडवली तर आतल्या नळ्यांवर बर्फ धरतो आणि एसी नुसताच घरघरत बसतो, हे त्यांना शेजाऱ्यांच्या एसीमुळे ठाऊक होतं. नव्या शर्टाच्या घडीत असतो तसला एक पुठ्ठा त्यांनी दुकानातून आणलाच होता. तो डाव्या जाळीमागे नीट बसवला, झाकण लावलं, आणि दुकानात जाऊन दिवसभर आनंदात शर्ट विकले.

पण बर्फ होईना. चार दिवस झाले तरी काही नाही. थंडावा जरासा कमी झाला, तर दादांनी सोळावर आकडा आणून ठेवला आणि पांघरूण काढून टाकलं. गृहस्थांनी आशाच सोडली होती. आणि शुक्रवारी पहाटे अचानक एसीतून पाणी गळायला लागलं, ते थेट दादांच्या पोटावर. आत पाहिलं तर नळ्यांवर पांढराशुभ्र बर्फ. उशिरा का होईना, पुठ्ठ्याने काम केलं असं समजून गृहस्थ मनात मांडे खाऊ लागले.

ते मांडे तिथेच राहिले. दादांनी पलंग दोन हात बाजूला ओढला, गळतीखाली बादली ठेवली आणि जाहीर केलं, "हा बर्फ का होतोय ते कळल्याशिवाय मी इथून हलणार नाही. तुम्हाला असं संकटात टाकून जाणारा मी नव्हे." गृहस्थांनी कपाळाला हात लावला. दादांना वाटलं, भावोजींना गहिवरून आलं.

शनिवारी सकाळी दादांनी परस्पर एसीच्या मेकॅनिकला फोन केला, अर्ध्या तासात येतील असं सांगितलं आणि टॉवेल घेऊन आंघोळीला गेले. पुठ्ठा सापडला तर बायको काय म्हणेल? तुम्हाला माझा भाऊ दोन दिवस जड झाला? ते स्टूल उचलून खोलीत धावले, तर दारात बायको. तिच्याही हातात स्टूल.

"काय करताय?" तिने विचारलं.

"पंखा पुसतोय. तू?"

"मी पण पंखाच."

दोघं स्टुलं धरून तशीच उभी राहिली. कुणी चढायलाही तयार नाही आणि जायलाही. तेवढ्यात बेल वाजली.

मेकॅनिक म्हणजे पन्नाशीच्या एक बाई निघाल्या. हत्यारांची पिशवी खांद्याला, चेहरा ढिम्म. त्यांनी बर्फ पाहिला आणि म्हणाल्या, "आधी जाळ्या बघू."

"जाळ्या मी परवाच धुतल्यात," गृहस्थ घाईघाईने म्हणाले. साफ खोटं.

"हो, माझ्यासमोर धुतल्या त्यांनी," बायको म्हणाली. "तुम्ही गॅसच बघा."

गृहस्थ बघतच राहिले. ही आपल्या थापेला साक्ष कशाला देतेय?

बाईंनी दोघांकडे एकेकदा पाहिलं आणि झाकण उघडलं. डाव्या जाळीमागून पुठ्ठा निघाला, त्यावर ठळक 'बेचाळीस' छापलेलं. गृहस्थांनी डोळे मिटून घेतले. आता बोलणी बसणार. थोड्या वेळाने त्यांनी हळूच एक डोळा उघडला. बाई उजव्या जाळीमागून काहीतरी ओढून काढत होत्या. पडद्याच्या अस्तराचा तुकडा होता तो, जाळीच्या मापाचा, आणि चारी कडा बारीक दुमडून शिवलेल्या. सगळ्या गल्लीचे पडदे शिवणाऱ्या त्यांच्या बायकोला न दुमडलेलं कापड खपत नाही, मग ते चोरून लपवायचं का असेना.

"कधी?" गृहस्थांनी विचारलं.

"गुरुवारी," ती खाली बघत म्हणाली. "माझाच भाऊ. मी कोणत्या तोंडाने जा म्हणणार? आणि तुम्ही तर रोज हसून चौकशी करत होता."

"अगं, तुझ्यासाठी हसत होतो."

"मग मी कुणासाठी गप्प होते?"

इतके दिवस दोघांनी एकमेकांचं मन जपण्यात पाठीचा खुळखुळा करून घेतला होता. गृहस्थांना तिचं इतकं हसू आलं, आणि तितकीच मायाही आली, की त्यांना स्टुलावर बसावं लागलं.

"एका बाजूने बर्फ होत नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "दोन्ही अडवाव्या लागतात."

इतक्यात दादा डोकं पुसत आले. "काय निघालं?"

बाईंनी पुठ्ठा आणि अस्तर पिशवीत सरकवलं, झाकण खटकन लावलं आणि म्हणाल्या, "पार्ट गेलाय. बाहेरून मागवावा लागेल. तीन आठवडे तरी एसी लावायचा नाही."

"तीन आठवडे?" दादांनी बादलीकडे पाहिलं, मग खिडकीतल्या उन्हाकडे. "कारण कळलं ना, झालं तर मग. पार्ट आला की कळवा, मी येतोच." दहा मिनिटांत त्यांची बॅग भरून झाली. बहिणीने डोळ्याला पदर लावला आणि तो बराच वेळ काढलाच नाही, कारण आत ती हसत होती.

रिक्षा वळल्यावर बाईंनी पिशवी उचलली. गृहस्थांनी पैसे पुढे केले, तर त्यांनी नेहमीचेच घेतले, वर एक पैसा नाही.

"हा पुठ्ठा आणि अस्तर मी नेऊ का?" त्यांनी विचारलं. "घरी दीर आलेत. अडीच महिने झाले."

"न्या की," बायको म्हणाली. "पण दोन्ही बाजू तुम्ही एकट्याच लावणार?"

बाई जिन्यात थांबल्या. पुठ्ठा पिशवीतून काढून त्यांनी पुन्हा गृहस्थांच्या हातात ठेवला.

"अस्तर पुरे," त्या म्हणाल्या. "आधी आमच्या एसीची डावी जाळी उघडून बघते."